रस्ता अरुंद, वाट सुरक्षित

(रस्ता जितका रुंद तितका चांगला, असे आपण मानतो. परंतु गर्दीच्या शहरी रस्त्यावर वाहनांच्या रांगा कमी केल्या, तर अपघातही कमी होतात, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे. हे कसे घडते, ते या पाठात समजावून सांगितले आहे.)

शाळा सुटल्याची घंटा होते. दप्तर पाठीवर टाकून तुम्ही फाटकाबाहेर येता. समोर मोठा रस्ता असतो. बसथांबा पलीकडे, घर पलीकडे, वहीपेन्सिलीचे दुकानही पलीकडेच! बस, टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली यांची रीघ लागलेली असते. तुम्ही धाकट्या भावाचा हात घट्ट धरता आणि वाट पाहत उभे राहता.

एवढ्यात एक रिक्षावाला रिक्षा थांबवतो आणि हाताने 'चला' अशी खूण करतो. तुम्हाला बरे वाटते. तुम्ही दोनचार पावले टाकता. रिक्षा ओलांडून पुढे येता, तोच रिक्षेच्या पलीकडून एक मोटारसायकल सुसाट येते. रिक्षेआड असल्यामुळे तुम्ही तिला पाहिलेले नसते. तिच्या चालकानेही तुम्हाला पाहिलेले नसते.

गेली काही वर्षे मी शाळा सुटताना फाटकापाशी उभा राहतो. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. बहुतेक वेळा ब्रेक लागतो आणि सारे निभावते. पण एकदा निभावले नाही. सातवीतल्या एका मुलाचा पाय मोडला आणि त्याची सहामाही परीक्षा बुडाली. जो तो त्यालाच रागावत होता, "पाहून चालता येत नाही का?" तो रडत एवढेच म्हणत होता, "सर, रिक्षा थांबली होती."

त्याचे म्हणणे खरे होते. रिक्षावाल्याची चूक नव्हती आणि मुलाचीही नव्हती. मोटारसायकलवाल्याने वेग कमी ठेवायला हवा होता, हे उघड आहे. पण मग मी विचार करू लागलो. रोज त्याच जागी, त्याच प्रकारे जर धोका निर्माण होत असेल, तर दोष केवळ माणसांचा कसा? तो रस्त्याच्या रचनेचाही असला पाहिजे.

हा प्रश्न लहान नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. ३६५ ने भागून पाहा. दररोज सरासरी ९० पादचारी! म्हणजे आपल्या शाळेतील जवळजवळ दोन वर्ग रोज.

आता रस्त्याच्या रचनेकडे वळू. वाहनांची एक रांग चालू शकेल एवढ्या पट्ट्याला 'मार्गिका' म्हणतात. बोलताना आपण तिला 'लेन' म्हणतो. शहरातील एक मार्गिका साधारणपणे साडेतीन मीटर रुंद असते. रस्त्यावर दोन मार्गिका जाण्यासाठी आणि दोन येण्यासाठी असतील, तर तो चौपदरी रस्ता झाला. त्याची रुंदी १४ मीटर होईल. आपण येथे अशा रस्त्याचा विचार करू, ज्याच्या मध्ये दुभाजक नाही.

या रस्त्यावर चार प्रकारचे धोके असतात.

पहिला धोका तुम्ही आताच पाहिला. एका दिशेला दोन मार्गिका असल्या की, एका मार्गिकेतील वाहन थांबते आणि दुसरीतील थांबत नाही. थांबलेले वाहन पडद्यासारखे मध्ये येते. ते जितके मोठे, तितका पडदा मोठा. थांबलेली बस तर पूर्ण भिंतच असते.

दुसरा धोका वळणाऱ्या वाहनांचा. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. एखाद्या मोटारीला उजवीकडच्या गल्लीत वळायचे असेल, तर समोरून येणारी वाहने जाईपर्यंत तिला आतल्या मार्गिकेतच थांबावे लागते. मागून वेगाने येणाऱ्याला हे उशिरा कळते. मग तो एकतर तिला मागून धडकतो किंवा झटकन डावीकडच्या मार्गिकेत घुसतो. तेथे सायकलवाला असेल, तर त्याचे काय होईल? शिवाय वळणाऱ्या मोटारीला समोरच्या एक नव्हे, दोन रांगा ओलांडायच्या असतात. पहिल्या रांगेतील ट्रकामागे दुसऱ्या रांगेतले वाहन तिला दिसत नाही.

तिसरा धोका वेगाचा. दोन मार्गिका असल्या की पुढच्याला मागे टाकण्याचा मोह होतो. एक चालक जबाबदारीने सावकाश चालला, तरी दहाजण त्याच्या बाजूने निघून जातात. म्हणजे रस्त्याचा वेग सर्वांत उतावळा माणूस ठरवतो.

चौथा धोका अंतराचा. माणूस साधारणपणे एका सेकंदात १.२ मीटर चालतो. म्हणून १४ मीटर ओलांडायला त्याला सुमारे १२ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एवढ्या वेळात सुमारे १६५ मीटर अंतर कापते. म्हणजे तुम्ही पहिले पाऊल टाकता, तेव्हा जे वाहन दीडशे मीटर दूर असते, तेही तुम्ही पलीकडे पोहोचण्याआधी तुमच्यापर्यंत येऊ शकते! आजीला किंवा लंगडत चालणाऱ्या माणसाला तर याहून अधिक वेळ लागतो.

मग उपाय काय? अमेरिकेत रस्त्यांच्या अभियंत्यांनी एक साधा उपाय केला. चौपदरी रस्त्याच्या जुन्या रेषा पुसून त्यांनी नव्या रेषा आखल्या. चार मार्गिकांऐवजी तीनच ठेवल्या. जाण्यासाठी एक, येण्यासाठी एक आणि मधली मार्गिका फक्त वळणाऱ्या वाहनांसाठी. आता हिशेब करा. तीन मार्गिकांना साडेदहा मीटर लागले. साडेतीन मीटर जागा उरली. ही जागा दोन्ही बाजूंना वाटून सायकलींसाठी पट्टे करता येतात किंवा पदपथ रुंद करता येतात. रस्ता तेवढाच राहतो. बदलते ती त्याची वाटणी.

आता तेच चार धोके पुन्हा तपासून पाहू. तुमच्यासाठी रिक्षा थांबली, तर तिच्या मागची सर्व वाहने थांबतात, कारण त्या दिशेला दुसरी रांगच नाही. पडदा राहिला, तरी पडद्याआडून पुढे जाणारे कोणी उरले नाही. वळणारी मोटार मधल्या मार्गिकेत निवांत थांबते; मागून धडक बसण्याची भीती कमी होते. तिला समोरची एकच रांग ओलांडावी लागते. पुढच्याला मागे टाकता येत नाही, म्हणून सावकाश चालणारा चालकच मागच्या सर्वांचा वेग ठरवतो. आणि जेथे लोक रस्ता ओलांडतात, तेथे मधल्या मार्गिकेच्या जागी एक छोटा उंच ओटा बांधता येतो. त्याला पादचाऱ्यांचे बेट म्हणू या. एका दिशेची साडेतीन मीटरची मार्गिका ओलांडायला तुम्हाला तीन सेकंद पुरतात. मग बेटावर थांबायचे, दुसरीकडे पाहायचे आणि पुढची तीन सेकंदे चालायचे. एका वेळी एकाच दिशेला पाहायचे असल्याने चूक होण्याची शक्यता कमी होते.

यांपैकी वेगाची गोष्ट जरा सविस्तर समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात की, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटर वेग झाला, तर वेग पावणेदोनपटही होत नाही. पण ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. ही सगळी ऊर्जा धडकेच्या वेळी माणसाच्या हाडामांसावर येते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार या सेकंदात साधारण ८ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर तिला आणखी १४ मीटर लागतात. एकूण २८ मीटर. म्हणजे सावकाश चालणारी मोटार जेथे पूर्ण थांबलेली असते, तेथे वेगवान मोटारीचा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते! हे कोरड्या रस्त्याचे आणि चांगल्या ब्रेकचे गणित आहे. पावसात तर हे अंतर आणखी वाढते.

तुम्ही म्हणाल, "सर, हे सगळे ठीक आहे, पण मार्गिका कमी केल्या तर वाहनांचा खोळंबा होणार नाही का?" शंका योग्य आहे. तिचे उत्तर नीट पाहू.

चौपदरी रस्त्याच्या आतल्या मार्गिका कागदावर चालू असतात. प्रत्यक्षात वळणारी वाहने त्या वारंवार अडवून धरतात. म्हणजे चार मार्गिकांचा रस्ता पुष्कळदा दोनच मार्गिकांचे काम करत असतो. वळणाऱ्यांना वेगळी जागा दिली की, सरळ जाणारी रांग सलग चालू लागते. दुसरे असे की, शहरातील रस्त्यावरून किती वाहने जातील, हे बहुधा चौकातील सिग्नल ठरवतो. दोन चौकांमध्ये वाहन कितीही पळवले, तरी पुढच्या लाल दिव्यापाशी थांबावेच लागते. बाटलीचे पोट मोठे असले, तरी पाणी तोंडाच्या मापानेच बाहेर पडते ना?

अर्थात याला मर्यादा आहे. अमेरिकेतील अनुभव असा की, दररोज सुमारे २० हजार वाहनांपर्यंत हा बदल सहसा पेलतो. वाहने त्याहून बरीच अधिक असतील, तर रांगा लागतात आणि चालक शेजारच्या गल्लीबोळांत शिरतात. मग धोका नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. म्हणून आधी वाहने मोजायची आणि मगच निर्णय घ्यायचा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो नावाचे शहर आहे. तेथे एजवॉटर ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, मागे वस्ती आणि मधून रोज सुमारे २० हजार वाहने. २००२ साली या रस्त्याच्या सुमारे अडीच किलोमीटर भागात चारच्या तीन मार्गिका करण्यात आल्या. आधी या भागात सरासरी दर नऊ दिवसांनी एक माणूस जखमी होत असे. बदलानंतरच्या मोजणीत हे अंतर तीस दिवसांवर गेले. अपघातांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. पायी चालणारे आणि सायकलवाले मात्र वाढले. ज्या रस्त्याला लोक टाळत होते, त्यावर ते पुन्हा चालू लागले.

पण एका रस्त्याचा अनुभव पुरेसा मानू नये. एका ठिकाणी योगायोगानेही आकडे घटू शकतात. म्हणून अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने अनेक रस्त्यांचा एकत्रित विचार केला. अशा बदलानंतर एकूण अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसून आले. सगळीकडे घट सारखी नाही, पण दिशा एकच आहे.

न्यूयॉर्क शहरात याहून धाडसी प्रयोग झाला. तेथील ब्रॉडवे हा प्रसिद्ध रस्ता इतर सरळ रस्त्यांना तिरपा छेदत जातो. जेथे तो छेदतो, तेथे दोन रस्त्यांऐवजी तीन रस्ते एकत्र येतात आणि सिग्नलचा वेळ तिघांत वाटावा लागतो. २००९ साली टाइम्स चौकातील ब्रॉडवेचा भाग मोटारींसाठी बंद करून माणसांना चालायला आणि बसायला मोकळा करण्यात आला. त्या परिसरात जखमी होणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या ३५ टक्क्यांनी आणि मोटारीतील जखमींची संख्या ६३ टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे त्या भागातील उत्तरेकडे जाणाऱ्या टॅक्सींचा प्रवास १७ टक्के जलद झाला. तिसरा रस्ता निघून गेल्याने उरलेल्या दोघांना हिरवा दिवा अधिक वेळ मिळू लागला. हा प्रयोग आधी तात्पुरता होता. २०१० साली तो कायम करण्यात आला.

मग हेच आपल्या शहरात जसेच्या तसे करता येईल का? नाही. आपल्या रस्त्यांची रीत वेगळी आहे. येथे दोन मार्गिकांच्या जागेत रिक्षा, मोटारसायकल, हातगाडी आणि बस मिळून चार रांगा करतात. नुसत्या रंगाच्या रेषेला येथे कोणी जुमानत नाही. म्हणून आपल्याकडे रेषेऐवजी उंच कठडा, रुंद पदपथ आणि मजबूत बेट हवे. मोकळी केलेली जागा पादचाऱ्यांकडेच राहिली पाहिजे. नाहीतर आज पदपथ रुंद होतो, उद्या त्यावर मोटारसायकली उभ्या राहतात आणि परवा माणसे पुन्हा रस्त्यावरून चालू लागतात! बस थांबण्यासाठीही वेगळी सोय हवी. एकच मार्गिका असताना तिच्यातच बस उभी राहिली, तर मागचे चालक उतावीळ होऊन उलट बाजूला शिरतात. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबाला वाट मिळेल, हेही पाहावे लागते. मधली मार्गिका मोकळी असेल, तर ती त्यांच्या उपयोगी पडते.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे मात्र नाही. पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावर २०१७ च्या सुमारास वाहनांच्या जागेला शिस्त लावून पदपथ पुष्कळ रुंद करण्यात आले. तेथे बसायला बाके आणि मुलांना खेळायला साधनेही ठेवण्यात आली. दुकानांची रांग असलेल्या गजबजलेल्या रस्त्यावर माणसांना हक्काची जागा देता येते, हे त्यातून दिसले.

मुलांनो, वाटेत पडलेला काटा किंवा दगड उचलून बाजूला टाकणे हे पुण्याचे काम आहे, ही शिकवण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. दगड डोळ्यांना दिसतो. पण कधी कधी रस्त्याची रचनाच वाटेतला दगड होऊन बसते आणि ती सहज दिसत नाही. ती दिसावी म्हणून मोजावे लागते, आकडे मांडावे लागतात आणि नगरसेवकाला व महानगरपालिकेला ते पटवून द्यावे लागतात. हेदेखील दगड उचलण्यासारखेच काम आहे.

तोपर्यंत एक नियम कायम लक्षात ठेवा. कोणी वाहन थांबवून तुम्हाला वाट दिली, तर त्याचे मनोमन आभार माना; पण त्या वाहनाच्या कडेपाशी आलात की क्षणभर थांबा. पुढे डोकावून पाहा. पलीकडच्या रांगेतले वाहनही थांबले आहे, अशी खात्री झाली की मगच पाऊल टाका.

तो मुलगा आता बरा आहे. थोडा लंगडतो, पण शाळेत येतो. शाळा सुटली की फाटकापाशी तो माझ्या शेजारी उभा राहतो. लहान मुले रस्ता ओलांडू लागली की हात आडवा धरून म्हणतो, "थांबा, दुसरी रांग पाहा." त्याला हा धडा पाय मोडून शिकावा लागला. तुम्ही तो वाचून शिका.

शब्दार्थ
मार्गिका – लेन, वाहनांच्या एका रांगेची वाट
पादचारी – पायी चालणारा
पदपथ – फुटपाथ
दुभाजक – रस्त्याचे दोन भाग करणारी मधली भिंत किंवा कठडा
वेग – रफ्तार
उतावळा – जल्दबाज
खोळंबा होणे – अडून राहणे
रीघ – न तुटणारी रांग
न जुमानणे – पर्वा न करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शहरातील एक मार्गिका साधारणपणे किती रुंद असते?
(आ) तीन मार्गिकांच्या रस्त्यात मधली मार्गिका कोणासाठी असते?
(इ) न्यूयॉर्कमधील प्रयोग कोणत्या साली कायम करण्यात आला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) थांबलेले वाहन 'पडद्यासारखे' का म्हटले आहे?
(आ) मार्गिका कमी केल्या तरी नेहमीच खोळंबा होत नाही, याची दोन कारणे सांगा.
(इ) "सर, रिक्षा थांबली होती," या वाक्यातून लेखकाला कोणता विचार सुचला?

३. वाक्यात उपयोग करा.
निभावणे, खात्री होणे, पटवून देणे, न जुमानणे

४. कारणे द्या.
(अ) आपल्या शहरांत नुसत्या रंगाच्या रेषा पुरेशा नाहीत.
(आ) एका रस्त्याचा अनुभव पुरेसा मानू नये.

उपक्रम
मोठ्या माणसाला सोबत घेऊन शाळेजवळच्या पदपथावर सुरक्षित जागी उभे राहा. पंधरा मिनिटांत किती वाहने गेली आणि किती माणसांनी रस्ता ओलांडला, ते मोजा. पादचाऱ्यांसाठी किती वाहने थांबली, तेही लिहा. आपले निरीक्षण दहा ओळींत मांडून वर्गात वाचून दाखवा.